नाल्यापलीकडे रेंज नसते

१४ नोव्हेंबर
नि.ला किडनी मिळावी असं मी रोज मागते, म्हणजे नेमकं काय मागते? आज वाशीमला डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून हाच विचार. माझा रक्तगट जुळत नाही, सासूबाईंना साखर. म्हणजे कुणीतरी धडधाकट माणूस घरून निघेल, परत येणार नाही, आणि मग आमचा फोन वाजेल. दुसरा रस्ता नाही. बी.ए.ला नीतिशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न आला असता तर दोन पानं लिहिली असती. आज एक ओळ सुचत नाही.

बस स्टँडवर नि. म्हणाला, "ज्याची मले येनार हाय, तो आता जेवून राह्यला असन. त्याले मालूम बी नाई."
असं बोलू नये म्हटलं. मग बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाकडे मीच पाहत राहिले.

१६ नोव्हेंबर
नागपूरच्या दवाखान्यातल्या मॅडमचा फोन, किडनीची यादी त्याच बघतात. फोन कधी बंद ठेवू नका. उचलला नाही तर पुढच्या नावाला लावावा लागतो.
आता वांगी तोडतानाही फोन गळ्यातल्या पिशवीत. नि. हसतो. "मंगळसूत्राहून त्यालेच जास्त जपतं तू."

दुपारी तो बांधावर बसून पाटाचं पाणी पाहत होता. त्याला प्यायला पाणी मापून. "वांग्यायची मजा हाय," म्हणाला.

डायलिसिससाठी त्याच्या डाव्या हातात शीर जोडली आहे, तिथे कान ठेवला की घरघर ऐकू येते. लांब कुठेतरी मोटार चालू असल्यासारखी. डॉक्टर म्हणतात, आवाज येतो तोवर चांगलं.

१९ नोव्हेंबर, अवस
सासूबाईंनी नि.वरून उतारा उतरवला. पत्रावळीवर दहीभात, हळदकुंकू, वर लिंबू. शेवटी नि. म्हणाला, "आई, डॉक्टरवरून बी उतरवतं का एखांदा?"
"तू चूप बस."

पत्रावळ माझ्या हातात दिली. "नाल्याच्या पल्याड, तिवाट्यावर ठेव. तिथून मानूस जात नाई. जो ओलांडते त्याच्या मांगं लागते ते. आन् ठेवल्यावर मांगं पाहू नको."

माझा विश्वास नाही. त्यांना स्वस्थता मिळावी म्हणून गेले. पण नाल्यापलीकडे रेंज जाते. काठावर पोचेपर्यंत फोनवरच्या काड्या गेल्या. तेवढ्यात नागपूरहून फोन आला तर? परत फिरले. गावाजवळच्या चिंचेखाली रस्ता फुटतो, तिथे ठेवला. तीन वाटा तिथेही आहेत.
मागे पाहिलं नाही. का, ते सांगता येणार नाही.

२० नोव्हेंबर
सकाळी गजाननभाऊ दूध घालायला आला. मोटरसायकल चालूच ठेवून माप ओततो. "वयनी, चिंचेखाली कोनाचं तरी निंबू होतं. माह्यं चाकच गेलं त्याच्यावरून. सरबत झालं त्याचं."
मी हसले. आत भाकरीचा आवाज थांबला.

तो गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. "तुले कुठं सांगतलं होतं मी?"
"आत्याबाई, तिकडे रेंज नसते."
"रेंज," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

२१ नोव्हेंबर
गजाननभाऊ येताच सासूबाईंनी तांब्याभर पाणी त्याच्या चाकावर ओतलं. तो म्हणाला, "काकू, धुवाचीच असन तं पुरी धुवा. कॅनी बी हायेत." त्या हसल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर
दूध आलं नाही. आठाच्या सुमारास कळलं. मालेगावच्या अलीकडे ट्रकने गजाननभाऊला उडवलं. डोक्याला मार. अकोल्याला नेलं, तिथून नागपूरला.

ट्रक उलट्या बाजूने आला होता, पाहणाऱ्यांनी सांगितलं. लिंबाचा काही संबंध नाही. मला हे पटलेलं आहे. तरी लिहून ठेवते.
सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या, पण माझ्याकडे पाहून नाही.

२९ नोव्हेंबर
सांबाराच्या जुड्या बांधत होते, हाताला कोथिंबिरीचा हिरवा वास, आणि फोन. मॅडम. "एक शक्यता आहे. तुमचं नाव दुसरं आहे, पण येऊन थांबा. त्यांना उपाशी आणा."
नि.च्या आधी मला गजाननभाऊ आठवला. हे कुणाला सांगायचं.

शेजारच्यांची गाडी. समृद्धी महामार्गाने निघालो. कारंजा मागे पडल्यावर नि. म्हणाला, "गजूले कोन्या दवाखान्यात नेलं?"
"नागपूरलाच."
"नागपूर मोठं हाय," म्हणाला आणि काचेकडे तोंड केलं.

३० नोव्हेंबर
रक्त घेतलं. वाट पाहणं. किडनी कुणाची ते सांगत नाहीत, नियम आहे, आणि नियम योग्य आहे.
खाली चहाच्या टपरीवर गजाननभाऊचा मोठा भाऊ. मला पाहून जवळ आला. "तुमी बी इथंच? निलेशले का झालं?"
"तपासणी," म्हटलं.
त्याने स्वतःचा चहा माझ्या हातात दिला. "घ्या. माह्यानं जात नाई."
प्यायले.

संध्याकाळी मॅडम. एक किडनी दुसऱ्या दवाखान्यात गेली. एक इथल्या पहिल्या नावाला जुळली. तुम्ही घरी जाऊ शकता.
परतीच्या वाटेवर नि.ने विचारलं, "मले वाईट नाई वाटलं. तुले?"
मला वाटलं, सुटल्यासारखं आणि लुटल्यासारखं, एकदम.

गावात शिरताना कळलं. गजाननभाऊ आज गेला.

५ डिसेंबर
सकाळी मोटरसायकल दारात येऊन थांबली. इंजिन चालूच. सासूबाई दुधाची गंजी घेऊन बाहेर गेल्या. मीही. नि.ने आतून हाक दिली, "दूध घे वं."
रस्ता रिकामा होता.
सासूबाईंनी गंजी पालथी घातली.

नि.जवळ गेले, त्याच्या डाव्या हाताला कान लावला. घरघर वाढली आहे. गजाननभाऊची गाडी दाराबाहेर उभी राहायची, तसाच आवाज. तसाच आहे असं मला वाटतं, एवढंच म्हणता येईल.

१२ डिसेंबर
गजाननभाऊची तेरवी. त्याची बायको सविता भिंतीला टेकून बसलेली. माझा हात धरून बाजूला बसवलं.
"त्यायच्या दोन्ही किडन्या देल्ल्या आमी. दोन मानसं जगले म्हनते." मग हळू आवाजात, "मी सांगतलं होतं वं त्यायले. आमच्याच गावात निलेश हाय, त्याले द्या. तं म्हने असं नाव घेऊन देता येत नाई. काहून नाई येत?"

मला काहून माहीत आहे, यादी, नंबर, जुळणी, सगळं.
लिंबाचं तिला माहीत नाही.

१७ डिसेंबर
डायलिसिसमध्ये नि.चं प्रेशर पडलं. डोळे फिरले. नर्सने पाय वर केले, परत आला. म्हणाला, "गजू म्हने, माप आन." डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. फार वेळ असं चालणार नाही, यादीत वर आहात, फोन जवळ ठेवा.
घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. "परवा अवस हाय," त्या म्हणाल्या.

१९ डिसेंबर, अवस
पुन्हा पत्रावळ. या वेळी नि.ने डॉक्टरचा विनोद केला नाही, मान खाली घालून बसला. कुठे ठेव ते सासूबाईंनी सांगितलं नाही. नुसती हातात दिली.

मी गळ्यातला फोन काढून नि.च्या मुठीत दिला. "वाजला तर तू उचल."
"अन् तू कुठं जाऊन राह्यली?"
"नाल्यापलीकडे."

तिन्हीसांजेला पोचले. तिवाट्यावर कुणी नाही. पत्रावळ ठेवली. लिंबू घरंगळलं, परत मधोमध ठेवलं. दहीभाताने काही होत नाही हे मी आजही शपथेवर सांगेन. पण इथूनही कधी ना कधी कुणी येईलच. पहाटे सोंगणीला, गुरांमागे. कुणीतरी पहिलं असेल. त्याचं घर असेल, त्यात बाई असेल.

तर साडी वर धरली आणि मीच तो उतारा ओलांडला. सावकाश, पूर्ण.

मागे पाहिलं नाही. पुन्हा त्याच्यावरून यायला नको म्हणून तुरीच्या शेतातून लांबून आले. तूर डोक्याच्या वर. कुठेतरी मोटार चालू होती, किंवा माझ्याच कानात. शेत संपेपर्यंत सोबत होती.

नि. फोन मुठीत धरून झोपला होता. दारात सासूबाईंनी नेहमीसारखी पाय धुवायला बादली ठेवलेली, उतारा ठेवून आलेल्याने जे लागलं असेल ते पायांवरून धुऊनच आत यायचं असतं. त्यांनी माझ्या पदराला चिकटलेली तुरीची पानं पाहिली. मग माझे पाय.

मी पाय न धुता आत आले.