सुळक्यांमधला भोपळा

बानाबा, ९ फेब्रुवारी १९८६

ती. कओतिरा आत्यास,
बरानिकोचा सा. न. वि. वि.

आपल्या जुन्या बेटावर परतलेली आमची चारही घरं खुशाल. राबी बेटावरून निघताना वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं, की जुलैच्या जहाजापर्यंत बानाबावर काही पिकलं नाही, तर त्याच जहाजानं परत यायचं. मला परत यायचं नाही.

खाणवाल्यांनी खतासाठी इथलं फॉस्फेट खरवडून नेलं. उरलेत माणसाहून उंच पांढरे सुळके, आणि मधले खड्डे. त्यातल्या एका खड्ड्यात मी डुकरांची घाण ओतली आणि भोपळा लावला. रोपं जळाली. शेजारचा इताका म्हणतो, माझी वेल बघून त्याच्या डुकरांना अपराधी वाटतंय.

आजोबांचं खत कसं व्हायचं, ते तुलाच ठाऊक. कळव.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
बरानिको

राबी, ३ मार्च

चि. बरानिकोस,
अनेक आशीर्वाद.

ताजी घाण थेट मुळाशी? इतकी वर्षं तुला मासे खाऊ घातले, अक्कल वाढायची राहिली. ती आधी कुजू दे. हातात घेतल्यावर मातीचा वास आला पाहिजे. एवढं कुणीही सांगेल.

आपल्या घराचं खत मात्र लिहायचं नसतं. वडिलांनी मला एकटीला खड्ड्याशी नेऊन कानात सांगितलं. शेजाऱ्याला वाससुद्धा लागू द्यायचा नाही, ही आपली रीत. तिथं येऊन सांग म्हणशील, तर नाही. युद्धात जपान्यांनी आम्हाला तिथून उचलून बोटीत कोंबलं तेव्हा घरामागे देशी बदामाची झाडं उभी होती. सोललेलं बेट मला बघायचं नाही. आपली जमीन खत होऊन परक्यांच्या शेतात गेली, आता तिलाच खत घालत बसलास.

जुलैत ये. चटईवर तुझी जागा आहे. सूनबाईला माया.

तुझी आत्या

बानाबा, २० जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाण कुजवली. पण एका घराची दोन डुकरं आणि चार टोपल्या पाला, खड्ड्याचा तळही झाकेना. पाणी खडकातून पार व्हायचं. चारही घरांचं तेच. प्रत्येकानं रीतीप्रमाणे आपला खड्डा चटईआड लपवलेला.

एके पहाटे पाला चोरायला खाणीतून वाचलेल्या एका बदामाखाली गेलो, तर टोपली घेऊन इताका हजर. तो म्हणाला, खेकडे शोधतोय. मी म्हणालो, मीही. झाडाखाली खेकडे शोधणारे आम्ही दोघं! हसून हसून खाली बसलो. त्याच दिवशी चटया काढल्या. तळाशी नारळाची सोडणं, म्हणजे ओल टिकते; वर सगळ्यांचा पाला, माशांची आतडी, डुकरांचं कुजलेलं. चार घरांचा एकच खड्डा. आजोबांचा अपमान झाला असेल, तर राग माझ्यावर काढ.

जहाजातून आलेल्या वडीलधाऱ्यांना इथलाच भोपळा शिजवून वाढला. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. जहाज आम्हाला न घेता निघतंय. तुझ्यासाठी एक भोपळा पाठवलाय.

तुझा बरानिको

राबी, ११ ऑगस्ट

चि. बरानिकोस,
अनेक आशीर्वाद.

भोपळा पोचला. कापण्याआधी बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. शेजारणीनं विचारलं, नातू का? मी हो म्हटलं. मग शिजवून सगळ्यांना एकेक फोड दिली.

पाणचट आहे. तुमच्या खड्ड्यात काय कमी आहे, ते मला पहिल्या घासाला कळलं. ते लिहिणार नाही. रीत एवढी तरी राहू दे.

पुढच्या जहाजात माझी जागा सांगून ठेवली आहे. मी उतरेन त्या दिवशी चारही घरांना खड्ड्याशी उभं कर. कानाकानात सांगायला आता माझा दम पुरायचा नाही. एकदाच, मोठ्यानं सांगेन.

माया आहेच, ती तिथं आल्यावर मोजून घे.

तुझी आत्या,
कओतिरा