फवारणीचा चष्मा

६ एप्रिल
डोंगर पेटलाय! जानेफळभर धूर. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि आमचे गोपालराव अंगणात खुर्ची टाकून वणवा बघतायत! डोळे लालबुंद. म्हणे, "मले काही होत नाई." एस.टी.च्या ड्रायव्हरची परीक्षा पास झालेत, आता डोळ्यांची तपासणी तेवढी राहिली — येत्या सोमवारी! आत या म्हटलं तर ऐकू येत नाही. कानांची तपासणी नाही, नशीब.

७ एप्रिल
खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली. यांच्या डोळ्यांवर थंड पाण्याच्या पट्ट्या. चोळू नका म्हटलं की लगेच चोळतात! सासूबाई काजळाची डबी घेऊन आल्या — "घाल त्याच्या डोयात, थंडावा येते." मी म्हटलं, काजळ आणि गालावर तीट, मग पाठवू तपासणीला.

८ एप्रिल
आग शेतांकडे सरकली. गावातली माणसं ओल्या फांद्या घेऊन विझवायला निघाली. यांना कोण थांबवणार!
"डोळे जपा हो."
"मग आग इझवू का आंधयी कोशिंबीर खेळू?"
शेवटी गोठ्यातल्या खुंटीवरचा कपाशीच्या फवारणीचा चष्मा आणला. रबरी, चारी बाजूंनी बंद. घातला तर अगदी बेडूक! सासूबाई खोकला लागेपर्यंत हसल्या. पट्टा मीच ओढून घट्ट केला.

९ एप्रिल
आग विझली. यांचे डोळे उघडत नाहीत.
धूर गेलाच नव्हता आत. चष्म्याच्या रबरात मागच्या हंगामाचं फवारणीचं विषारी औषध सुकून बसलं होतं, ते घामानं सुटलं आणि डोळ्यांत उतरलं. कोण धुतं तो चष्मा? फवारणी झाली की खुंटीला! मेहकरला डॉक्टरांनी कितीतरी वेळ पाण्यानं डोळे धुतले. दोन्हींवर पट्ट्या. "उघडल्यावरच कळेल," म्हणाले.
मला फार भीती वाटते आहे. आणि हे पट्टीखालून म्हणतात, "पूनम, आता तू नटली काय न नाई काय, मले सारखंच!"
हसले मी. आवाज न करता रडलेही.

१२ एप्रिल
पट्टी काढली. खिडकीबाहेर आभाळ लख्ख निळं. गोपालराव पापण्यांची उघडझाप करत बाहेर बघू लागले. मग म्हणाले, "डोंगर अजून जळूनच राह्यला का वं? केवढा धूर हाय!"