आजीला पुरतं झोपवावं की अर्धं

कोल्हापूर,
रविवार

आदरणीय जयसिंगआजोबांना दीप्तीचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत बरी असेल, भाताची कापणी उरकली असेल आणि राधानगरीची थंडी तुम्ही त्याच एका स्वेटरवर काढत असाल, असं धरून चालते. म्हैस व्याली का? व्याली असेल तर आधी आजीला कळवा, ती स्वतःच्या ऑपरेशनपेक्षा तिचीच चौकशी जास्त करते. (फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत आहे, आणि हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही.)

तुमच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आजीचं, खुब्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात गुरुवारी ठरलं आहे. सांधा पार झिजलाय, तो काढून नवा बसवायचा. त्यावर घरात वाद नाही, वाद भुलीवर आहे. भूल दोन प्रकारे देता येते. एक मणक्यात सुई देऊन, म्हणजे कमरेखालचं अंग बधिर आणि माणूस जागा. दुसरी पूर्ण, म्हणजे माणूस गाढ झोपेत आणि श्वासाला नळी. भूल देणाऱ्या कालिंदी मॅडमनी आजीला नीट तपासून सांगितलं, की हिला दोन्ही झेपतील. वयानं कडक झालेल्या पाठीत सुई कधी कधी जायला त्रास होतो, पूर्ण भुलीनंतर थोडी मळमळ आणि गुंगी राहते, तेव्हा पेशंटला काय हवं ते विचारून सांगा. आता हे मॅडमनी मला सांगायला नको होतं. घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यात बी.एस्सी., आणि त्यात 'पेशंटला विचारून' हे शब्द! मी त्याच संध्याकाळी सोप्यात बैठक बोलावली.

पुठ्ठ्यावर तक्ता काढला होता. डावीकडे मणक्यातली, उजवीकडे पूर्ण, मध्ये माणसाच्या पाठीचं चित्र (संघर्षदादा म्हणाला, ऊस झकास आलाय). बाबा कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून आलेले, ते 'मणका' या शब्दालाच घोरायला लागले. शेवटी मत विचारलं, तर सगळे पूर्ण भुलीच्या बाजूचे. कारण मात्र शास्त्रीय नव्हतं. आई म्हणाली, "आत्याबाई जाग्या राहिल्या तर त्या डॉक्टरलाच काम शिकवतील. गवंड्याकडनं मोरीची भिंत कितीदा पाडून घेतली, ठावं हाय न्हवं?" दादा म्हणाला, मग डॉक्टरच भूल मागेल. आजी कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "तुमचं मिटू दे, मग मला सांगा."

एवढ्यात शेजारचे हंबीरराव डोकावले आणि पूर्ण भुलीचं नाव ऐकून आतच आले. "लई भारी असती की ती! माझ्या अपेंडिक्सला दिलती. काय कळत न्हाय. फकस्त शुद्धीवर येताना तोंडाला लगाम ऱ्हात न्हाय. मी रोज रंकाळ्याला फिरायला जातो म्हणायचो, ते मिसळीच्या गाड्यावर जात हुतो, हे मीच बायकोला सांगून टाकलं. तवापासनं ती बी येती माझ्यासंगं फिरायला."

आजोबा, हे ऐकलं आणि सोप्यातल्या सगळ्या माना एकदम कोपऱ्यातल्या आजीकडे वळल्या. तुम्हाला आजीची कीर्ती माहीत आहेच. विहारात वंदना संपली की बायका नमस्कार भन्तेजींना करतात आणि गाऱ्हाणं आजीला सांगतात. गल्लीत ज्याला जे कुणाला सांगता येत नाही ते तो आजीला सांगून मोकळा होतो, आणि तिच्या तोंडून त्यातलं अक्षर बाहेर गेल्याचं कुणाला आठवत नाही. (जागेपणी.)

मला मात्र त्या क्षणी यातलं काही सुचलं नाही. कारण सगळे एकाएकी तक्त्याकडे निरखून बघायला लागले होते. बाबा टक्क जागे झाले आणि म्हणाले, मणक्यातलीच बरी. आईला आजीचा रक्तदाब आठवला. दादानं फोनवरून कुठल्या तरी परदेशातलं संशोधन वाचून दाखवलं, तेही उभं राहून. माझा ऊर भरून आला. वाटलं, नीट समजावून सांगितलं तर माणसं बदलतात! दुसऱ्या दिवशी हंबीररावांची बायको शिरा घेऊन आली आणि "मणक्यातलीच देणार न्हवं?" असं विचारून गेली. तरी मी खूशच. मग मागच्या गल्लीतल्या अंबूबाई, ज्या पाण्याच्या भांडणापासून आमच्याशी बोलत नाहीत, त्या दारातूनच ओरडल्या, "पुरती झोपवू नका गं म्हातारीला!" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी आजीला गच्चीवर उन्हात बसवलं आणि विचारलं, बाकीच्यांचं सोड, तुला काय हवंय? ती जराही न थांबता म्हणाली, "मला पुरतं झोपव." का, तर म्हणे, "लगीन होऊन आल्यापासनं ऐकतीया गं मी. हेचं ऐक, तेचं ऐक. दोन घटका मला कुणाचं काय ऐकू येऊ ने. जागी ठिवलीस तर त्यो डॉक्टर बी माझ्यापाशी बायकोचं गाऱ्हाणं सांगत बसंल." मी म्हटलं, आणि शुद्धीवर येताना काही बोललीस तर? "बोलले तर खरंच बोलंन की!"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. बैठकीत तक्त्यावर सगळं होतं, आजीला काय हवंय एवढंच नव्हतं. खाली येऊन मी मणक्यातल्या भुलीचा ठराव रद्द केल्याचं जाहीर केलं. बाबा म्हणाले, मतदान झालंय. मी म्हटलं, खुबा जिचा, मत तिचं. बाबा म्हणाले, "शिकवलं ते ह्याच्यासाठी व्हय?" मी म्हटलं, ह्याच्यासाठीच. आई दिवसभर भांड्यांशी बोलत होती. कालिंदी मॅडमनी समजावून सांगितलं, की शुद्धीवर येताना बहुतेक पेशंट 'झालं का?' एवढंच विचारतात. त्यावर दादा म्हणाला, बहुतेक म्हणजे सगळे न्हवेत. आजीनं सरळ सांगून टाकलंय, पुरतं झोपवणार असाल तर येते, नाहीतर असाच पाय ओढत बसते. आणि आजोबा, तिला आता मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते. ते बघवत नाही.

असो. इकडचं बाकी क्षेम आहे. मामीआजीला जयभीम सांगा.

तुमची नात,
दीप्ती

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. शुद्धीवर येताना एकाच नातेवाइकाला आत बसू देतात. कोण बसणार यावर रात्रभर भांडण झालं, कारण कुणालाच दुसरं कुणी तिथं नको आहे. शेवटी तुमचं नाव निघालं आणि घर तात्काळ मिटलं. राग मानू नका, पण तुम्हाला ऐकू येत नाही हाच तुमचा गुण सगळ्यांना पटला. तुम्ही हो म्हणालात तर आजीला हवी ती भूल मिळेल. बुधवारच्या एसटीनं याच.

ता. क. दुसरं. कानाचं मशीन घरी ठेवून या, असा बाबांचा निरोप आहे. आजीचा निरोप उलटा आहे, "त्याला म्हणावं मशीन लावूनच ये. न्हाईतर मी पाय ठणकतोय म्हणून सांगीन आन् ह्यो बरं बरं म्हणत पेपर वाचंल." पेशंटचं मत म्हणून हाच निरोप अंतिम समजा. आत जाताना लावा, बाबांना दिसू देऊ नका.

ता. क. तिसरं. मलाही आजीला एक सांगायचं होतं. गच्चीवर तेच सांगायला बसले होते, पण तिचं ते ऐकल्यावर तोंड उघडवेना. ऑपरेशन चालू असताना आपण दोघं बाहेरच्या बाकावर असू, तेव्हा ते तुम्हाला सांगेन. त्याचं नाव श्रेयस आहे. बाकावर मशीन खिशात ठेवा.