सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातून

अहेरी, ११ एप्रिल १९८७
एम.फिल.चा प्रबंध याच उन्हाळ्यात संपवणार. पक्कं. विषय: अनेक प्रोसेसरांचा कॉम्प्युटर बांधण्याआधी तो किती वेगाने चालेल, याचं सिम्युलेशन. नागपूरचे सर म्हणाले, त्यासाठी कॉम्प्युटर कुठून आणणार? मी म्हणालो, घरात माणसं आहेत ना.

१२ एप्रिल
नेमणुका झाल्या. थोरले बंधू भैयाजी पहिला प्रोसेसर, सौ. सत्यशीला दुसरा, मेहुणा हरिदास तिसरा. प्रत्येकाने आपला हिशेब करून चिठ्ठी शेजारच्याला द्यायची. शेजारच्याची आल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिघे मिळून तिप्पट वेग.

सत्यशीलाचा बी.ए.चा शेवटचा पेपर ४ मेला चंद्रपूरला. पास झाली की आश्रमशाळेतली नोकरी नक्की. संख्याशास्त्र मी शिकवीन म्हणालो आहे. उद्यापासून.

१५ एप्रिल, दुपार
तिप्पट कसला! मी एकटा याहून लवकर करतो. कारण सापडलं. भैयाजी तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर; आमच्याकडे दोघांनी एकमेकांशी बोलायचंही नाही. भासऱ्याच्या हातात चिठ्ठी कशी देणार? पदर सावरून पाटावर ठेवते, आत जाते, मग भैयाजी खाकरून उचलतात. उत्तराचंही तेच. असला उशीर कुठल्याच पुस्तकात नाही. शोधच म्हणायचा.

१९ एप्रिल
रचना बदलली. मी मध्ये. सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातून. उत्तम चाललं. फक्त जेवणानंतर जरा डोळा लागला. उठलो तर तिघेही बसून. हरिदास म्हणाला, "भाऊजी, तुम्हीच झोपून राह्यले, तं आम्ही का करू?" पोराला शिस्त नाही.

सत्यशीलाने तेवढ्यात पुस्तक उघडलं होतं. मी मिटायला लावलं. संध्याकाळपर्यंत टोचत राहिलं. उद्या शिकवतोच.

२६ एप्रिल
शिकवलं नाही. ती विचारतही नाही. विचारलं असतं तर निदान रागावता आलं असतं.

४ मे, पहाट
बस सहाची. भैयाजी पिशवी घेऊन पुढे गेले, मागून ती. प्रबंधाच्या आलेखावर एकच बिंदू राहिलाय. तेवढा मांडून निघतो.

४ मे, दुपार
बस गेली. पोचलो तेव्हा भैयाजी निंबाखाली, ती पार पलीकडे, दोघंही माझी वाट पाहत. हॉल तिकीट पिशवीत, पिशवी भैयाजींच्या हातात. ती मागणार कशी? तिला बसवून का दिलं नाही, असं भैयाजींना विचारलं. म्हणाले, "मी तिले कसं सांगू? सारं तुह्याच तोंडून सांगत आलो न." पुढची बस पेपर सुटल्यावर पोचते.

तिचं वर्ष गेलं. माझ्यामुळे. उन्हाचं, बसचं, भासऱ्याचं नाव घेऊन पाहिलं, जमलं नाही. लाज वाटते.

६ मे
चहा ठेवून सत्यशीला म्हणाली, "माह्या पेपराचं पुढच्या साली पाहू. तुमचं तं झालं न?"

हो म्हणालो. तो शेवटचा बिंदू घाईत चुकीच्या जागी पडलाय. आलेख पहिल्यापासून काढावा लागेल.