अर्धी घागर

आसेगाव, ३ सप्टेंबर १९७४

पिकअपच्या मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, आज एकेक पाटा जास्त टाकून आणला. गाडी चार बोटं उचलली. गेल्या आठवड्यात नाल्यातल्या दगडावर बूड टेकून अडकलो होतो, आज सरळ निघालो. कमळाला आठवा लागलाय, आणि मंगरूळपीरच्या दवाखान्याला वाट ती एकच.

मिस्तरी आधीच बोलला होता, "पाटा टाकाल तं गाडी उचलन, पण कडक होईन. दोन्ही नाई भेटत." मी उंची घेतली. बरोबर केलं का?

येताना मागं हौद्यात भरलेली घागर ठेवली, कमळा बसेल तिथंच. बैलाच्या चालीनं गाडी आणली. घरी पाहिलं तर घागर अर्धी.

ज्वारीची पोती टाकून कमान दाबावी, तर धक्का कमी बसेल. पण मग गाडी पुन्हा खाली, पुन्हा तोच दगड. डॉक्टरीणबाई तर म्हणते, धक्का अजिबात नको. पहिलं मूल बैलगाडीतच गेलं आमचं. डोकं चालेनासं झालंय. अर्धी घागर.

ती उतरवायला कमळाच पुढं आली. मी अडवलं. घागर कशाला नेली होती ते तिला सांगितलंच नव्हतं.

"अर्धं पानी कुठी गेलं?"

"तहान लागली होती, पेलो."

तिनं पोटावर हात ठेवला आणि वाकून आत पाहिलं.

"मंग हौदा ओला काहून हाय?"