एक्याण्णव फुटत नाही

४ मार्च, सकाळ
बायको आजारातून उठली तेव्हा देवाला मनातल्या मनात शब्द दिला होता. वृद्धाश्रमातल्या प्रार्थनेच्या खोलीत फरशी मी बसवून देईन, मजुरी न घेता, आणि त्यात एकही फरशी कापलेली नसेल. देवापुढे तुकडा नको. व्यवस्थापकबाईंनी खोली उघडायला चोवीस तारीख धरली आहे. मला दहा दिवस पुरे.

तोवर म्हातारी मंडळी जेवणाच्या खोलीत, भांड्यांच्या खडखडाटात प्रार्थना करतात. त्यांच्यातले एक शिंपीआजोबा म्हणाले, बाबा रे, गुडघे टेकायला जरा जमीन दे लवकर.

दुपार
खोली मोजली. लांबी ३९० सेंटिमीटर, रुंदी २७३. टेप मेहुण्याच्या दुकानातला होता, म्हणून दुसऱ्या टेपने पुन्हा मोजली. तेच आलं. दोन्ही टेप एकाच कारखान्याचे निघाले. नोंद करून ठेवली.

५ मार्च
मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात गेलो. त्याने मापं ऐकली आणि हातातला चहाचा कप खाली न ठेवता म्हणाला, "दाजी, एकोणचाळीसची चौकोनी घ्या. एकसुद्धा कापायला नको."
कप खाली न ठेवता! इतका झटपट हिशेब कोण करतो? ज्याचा माल गोदामात पडून आहे तो. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या गळ्यात मारतोय. मी हसलो. संशय चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, हा माझा नियम.

६ मार्च, प्रार्थनेनंतर
स्वतः मसावि काढला. दोन्ही मापांना जिने पूर्ण भाग जातो अशी सर्वांत मोठी संख्या, तीच फरशीची बाजू. गावच्या शाळेत गुरुजी सांगत, संख्येची मूळ संख्यांत फोड करा, दोन्हीकडे जे समान निघेल तेवढं उचला, त्यांचा गुणाकार करा. माणसांचंही असंच करता आलं तर किती भांडणं मिटतील.

३९० = २ × ३ × ५ × १३
२७३ = ३ × ९१

आता ९१. दोनाने जात नाही, तिनाने नाही, पाचाने नाही. सातचा पाढा म्हटला, तो सात दाहे सत्तरवर संपतो, एक्याण्णव त्यात नाही. अकराचाही म्हटला. तेराचा पाढा शाळेत झाला त्या आठवड्यात मला गोवर होता, पण त्यावाचून आजवर काही अडलेलं नाही. एक्याण्णव फुटत नाही. एकटा जीव. अशा संख्येबद्दल मला आदर वाटतो.

समान फक्त तीन. मसावि ३. तीन सेंटिमीटरची फरशी. लांबीत १३०, रुंदीत ९१, एकूण अकरा हजार आठशे तीस. एकोणचाळीस म्हणे!

बायको म्हणाली, अहो, २७३ ला ३९ ने एकदा भागून तर बघा. मी सांगितलं, चोराने दिलेल्या किल्लीने आपलं कुलूप उघडून पाहायचं नसतं. म्हणाली, चोर माझा भाऊ आहे. मी म्हणालो, म्हणून तर शांतपणे बोलतोय.

८ मार्च
ऑर्डर दिली. मेहुण्याने या वेळी कप खाली ठेवला. "तीनची? दाजी, ती न्हाणीघरात लावतात." मी ठाम. मग भांडला नाही. जो भांडत नाही त्याच्या मनात काहीतरी असतं.

११ मार्च
माल आला. तेरा-तेरा फरश्या कागदाच्या एकेका पट्टीवर चिकटवलेल्या. पट्टीसकट लावल्या तर आतली वाकडी फरशी झाकली जाते, हा डाव मी ओळखतो. एकेक सोलून लावणार. प्लॅन: रोज तेरा रांगा.

१२ मार्च
दोन रांगा. गुडघे.

१४ मार्च
तीन दिवसांत सात रांगा. शिंपीआजोबा दारातून डोकावून म्हणाले, भरतकाम छान चाललंय. त्यांना कामाचं गांभीर्य कळत नाही. उद्यापासून पंधरा रांगा.

१६ मार्च
गंभीर बाब. रांगेत एक्याण्णव फरश्या लागतात. एक्याण्णव फुटत नाही, तेव्हा तेराच्या पट्टीतून प्रत्येक रांगेला काहीतरी उरायलाच हवं. उरत नाही. रांगेमागे सात रिकामे कागद आणि एकही सुटी फरशी नाही. उरलेल्या कुणीतरी उचलून नेतंय. शिंपीआजोबांच्या स्वेटरला मोठे खिसे आहेत.

१७ मार्च
दाराला कुलूप लावून काम केलं. एक रांग. सात कागद. शिल्लक शून्य. म्हणजे चोर आतच आहे. आत मी एकटाच होतो.

१८ मार्च
व्यवस्थापकबाईंना विचारलं, खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे असते? त्यांनी विचारलं, चोवीस तारखेला होईल ना? मुद्दाम विषय बदलला. आजोबांना स्वेटर झटकायला सांगितलं. त्यांनी झटकला. चष्म्याचं घर पडलं, आणि एक साधी खोकल्याची गोळी. ती त्यांनी मला दिली. लाज वाटली. गोळी खाल्ली.

१९ मार्च
बायको डबा घेऊन आली. सात कागद ओळीने मांडून तिला सगळा कट समजावला. तिने डब्याचं झाकण उघडता उघडता म्हटलं, "तेरा साती एक्याण्णव."
मी बोटांवर मोजायला लागलो.
"तुम्हाला तेराचा येत नाही?"
सव्वीस वर्षांच्या संसारात हे तिच्यापासून लपून राहिलं होतं. मग तिने एक भरलेली पट्टी उचलली, तिला टेप लावला, आणि माझ्यापुढे धरली. एकोणचाळीस सेंटिमीटर.
भाजी गार झाली.

२० मार्च, पहाट
३९० = २ × ३ × ५ × १३
२७३ = ३ × ७ × १३
समान तीन आणि तेरा. मसावि ३९. लांबीत दहा, रुंदीत सात. सत्तर फरश्या. आजोबांचे गुडघे दोन फरश्यांवर आरामात मावतील.

प्रार्थनेला बसलो. देवाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. तोही काही बोलला नाही.

सकाळ ९
बसवलेल्या बारा रांगा उखडायला घेतल्या. त्याआधी मेहुण्याला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, एकोणचाळीसच्या काही शिल्लक आहेत का रे? म्हणाला, "दाजी, पाच तारखेपासून तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवल्यात. बरोबर सत्तर."

बरोबर सत्तर. उतरवताना मोजून घेईन.