मुंडक्यासकट मासे

देवनहळ्ळी, २ डिसेंबर

चि. शलाका हीस अज्जीचे अ. उ. आ.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुझी यादी तुझ्या अभिराजकाकाने वाचून दाखवली. आपल्या तलावात नऊच जातींचे मासे? म्हणे कंत्राटदाराच्या जाळ्यात आले तेवढे मोजलेस. अगं, त्या जाळ्याच्या भोकातून माझा हात जातो. बारका मासा त्यात थांबेल कशाला?

काका म्हणाला, तुझ्या मत्स्यखात्याच्या साहेबाने नऊवर सही केली की इथे जपण्यासारखं काही नाही असं धरून खातं तलावात विष घालून बारके मारणार आणि विकायचे मोठे मासे सोडणार. त्या बारक्यांवर मी पाच पोरं वाढवली. उद्या मीच पाण्यात उतरते. गुडघे माझे आहेत, तू बोलू नकोस.

लोभ आहेच. यादी तेवढी थांबव.

तुझी अज्जी

हेब्बाळ, ९ डिसेंबर

ती. अज्जीस शि. सा. न. वि. वि.

काकाने डबा आणून दिला. साहेबांसमोर उघडला आणि मला मान वर करवेना. तू सगळे मासे साफ करून, मुंडकी उडवून, हळदमीठ लावून पाठवलेस. अज्जी, जात ओळखतात ती तोंडावरून, मिशांवरून. साहेब म्हणाले, हा पुरावा नाही, जेवण आहे.

यादी सोमवारी जाईल, नऊचीच. मी हरले. तू थंडीत पुन्हा उतरू नकोस.

माया आहे तशीच ठेव.

तुझी शलाका

देवनहळ्ळी, ११ डिसेंबर

चि. शलाका हीस अ. उ. आ.

चुकलंच माझं. लग्नापासूनची सवय, मासा दिसला की विळीवर हात जातो. पण हरले म्हणायला तुला कोणी शिकवलं? मी नाही.

आज शेजारच्या गंगम्माला घेऊन गेले. जुनी साडी दोघींनी टोकांना धरली आणि कडेच्या गवतातून ओढली. सोबतच्या कॅनमध्ये सगळे जिवंत आहेत, मुंडक्यासकट. वाम आहे, मिशावाली आहे, बोटाएवढ्या चार तऱ्हा आहेत. तुझ्या नवांतलं एकही नाही, काकाने यादी धरून ताडलं. पाणी स्वल्प बदलत जा.

साहेब म्हणेल, म्हातारीने बाजारातून आणले. म्हणू दे. शनिवारी त्याला इथे घेऊन ये. सकाळी सहाला मी पाण्यात असेन. गंगम्माला नातीकडे जायचंय, तेव्हा साडीचं दुसरं टोक त्यानेच धरायचं.

दोघांनाही आशीर्वाद, त्याला जरा कमी.

अज्जी